कटेवरचे दोन त्रिकोण

विठ्ठलाचं चित्र महाराष्ट्रातलं कुठलंही पोर काढतं. गणपती काढताना सोंडेच्या वळणाशी हात अडतो, मारुती काढताना गदा कुठल्या हातात द्यायची इथे गाडी थांबते. विठ्ठल मात्र जमतो. उंच मुकुट, सरळ देह, कमरेवर हात, पायाखाली वीट. चार रेघांत देव उभा राहतो आणि बघणारा ओळखतो. तो इतका सहज का जमतो, हे मला उमगायला बरीच वर्षं गेली. उमगलं ते माढ्यात, देवळातून दर्शन घेऊन बाहेर आल्यावर, मांडीवर वही उघडून बसलो तेव्हा. हात कमरेवर ठेवले की दंड, कोपर आणि कूस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण तयार होतो. ते दोन त्रिकोण बरोबर बसले की देहाची रुंदी, कमरेची जागा, खांद्यांचा उतार हे सगळं त्यांच्या मागोमाग येतं. पोरं नकळत ते त्रिकोण काढत असतात. कलाशाळेत याला निगेटिव्ह स्पेस म्हणतात आणि ते शिकवायला पहिल्या वर्षाचे कित्येक तास घालवतात.

उघड्यावर बसून पुतळे, मूर्ती आणि आसपासचा मुलूख रेखाटायला ज्याला नव्यानं शिकायचं आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी मी माढा निवडलं. सोलापूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव मुंबई–सोलापूर लोहमार्गावर कुर्डुवाडीच्या पुढे आहे. बाहेरच्या बहुतेकांना ते लोकसभा मतदारसंघाचं नाव म्हणून माहीत असतं. चित्रकारांच्या सहली इकडे येत नाहीत. त्या वाईला, मेणवलीला, कोकणात जातात. आणि तरी, दगडाकडे नीट पाहिल्यानं केवढं काही उलटंपालटं होऊ शकतं याचं महाराष्ट्रातलं एक मोठं उदाहरण याच गावात आहे.

१६५९ साली अफझलखानाची स्वारी आली, तेव्हा पंढरपूरची मूर्ती माढ्याला हलवली होती अशी परंपरा आहे. संकट टळल्यावर मूर्ती परत गेली आणि आठवण म्हणून माढ्यात विठ्ठलाचं देऊळ झालं, असं सांगतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात ही गोष्ट उलटी करून दाखवली. मूळ मूर्ती माढ्यातच राहिली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या मांडणीचा मोठा आधार मूर्तीच्या छातीवर होता. जुन्या पांडुरंगमाहात्म्यात विठ्ठलाच्या वक्षावर मंत्राक्षरं असल्याचं वर्णन आहे. पंढरपूरच्या मूर्तीवर ती नाहीत आणि माढ्याच्या मूर्तीवर अक्षरं कोरलेली आहेत. या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वादही पुष्कळ झाला, आणि पंढरपूरच्या मूर्तीवरची वारकऱ्यांची श्रद्धा त्यानं तसूभर हलली नाही. तो वाद सोडवणं हे माझं काम नाही. मला भिडतं ते एवढंच की, शतकानुशतकं लोक ज्या रूपापुढे डोळे मिटत आले, तिथे एका संशोधकानं डोळे उघडे ठेवले. त्यांच्याआधी संशोधक ग. ह. खरे यांनीही पंढरपूरच्या मूर्तीचं मुकुटापासून पायांपर्यंत बारकाईनं वर्णन केलं होतं. मुकुटाचा आकार कसला, कानात काय, हातात काय, वस्त्र आहे की नाही. रेखाटन करणारा हेच प्रश्न स्वतःला विचारत असतो.

गाभाऱ्यात वही काढायची नाही, हे सांगायला नको. पण तिथे एक वेगळीच शिकवणी मिळते. पंढरपुरात रांगेतून पुढे सरकताना देव डोळ्यांपुढे क्षणभर असतो. माढ्यात एरवीच्या दिवशी निवांत उभं राहता येतं. आपण पाहतो, बाहेर येतो, आठवेल ते काढतो. पहिल्या खेपेला मुकुट आणि हात एवढंच कागदावर उतरतं. मग लक्षात येतं की हातात काय होतं हे आपण पाहिलंच नाही. पंढरपूरच्या मूर्तीच्या डाव्या हातात शंख आणि उजव्या हातात कमळाचा देठ आहे. आयुष्यभर वारी केलेल्या माणसालाही हा प्रश्न अचानक विचारला तर तो थबकतो. आपण पुन्हा आत जातो, आणि आता नजर नेमकी त्या जागेवर जाते. पोशाख आणि हार असतील तर छाती दिसत नाही; मग काय झाकलेलं आहे याचीही नोंद डोळ्यांत होते. तीन खेपा झाल्या की चित्र चांगलं होवो न होवो, मूर्ती मनात बसते.

शाळेतल्या शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला, स्मरणचित्राचा पेपर असतो. जत्रा, बसथांबा, पावसातली शाळा असे विषय येतात. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी तो पेपर दिला आहे. मात्र स्मरणचित्र काढण्याआधी काहीतरी पाहिलेलं असावं लागतं, आणि ते पाहणं आपल्याकडे बहुधा होतच नाही. एखाद्या मुलाला निसर्गचित्र काढ म्हणून सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला नारळ आणि एक झोपडी. माढ्यातलं मूलही हेच काढतं. माढ्यात डोंगर नाहीत. नारळाची रांग नाही. सूर्य उगवतो तो सपाट रानातून, एखाद्या लिंबाच्या किंवा बाभळीच्या मागून. हे त्रिकोण कुणाच्या तरी चित्रातून उचललेले, आणि कटेवरचे त्रिकोण समोर पाहिलेले. एवढा फरक पहिल्या दिवशी कळला तरी खूप झालं.

सुरुवात उभ्या मूर्तीपासून करावी असं माझं ठाम मत आहे, आणि त्यातही विठ्ठलासारख्या समपाद मूर्तीपासून. दोन्ही पायांवर सारखा भार, अंगात कुठे बाक नाही. गवंड्याचा ओळंबा आठवा. दोऱ्याला खडा बांधा, एक डोळा मिटून तो दोरा समोर धरा. समपाद मूर्तीत तो नाकापासून बेंबीवरून येतो आणि दोन घोट्यांच्या बरोबर मध्ये पडतो. आता हाच दोरा एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसासमोर धरा. गळ्याच्या खळगीतून सोडलेला दोरा भार असलेल्या पायाच्या घोट्याशी जातो. तसा दोरा न जाणारं चित्र काढलंत तर माणूस पडतोय असं वाटतं, आणि बघणाऱ्याला का ते सांगता येत नाही, पण जाणवतं. दोरा-खड्याला पैसे पडत नाहीत.

मापाचंही तसंच. हात ताठ ठेवून पेन्सिल धरायची, डोक्याची उंची अंगठ्यानं पकडायची आणि ती पूर्ण देहात किती वेळा बसते ते मोजायचं. कोपर वाकलं की माप चुकलं. नवशिक्यांची निम्मी चूक इथेच असते. डोळे किलकिले केले की तपशील पुसले जातात आणि उजेड-सावलीचे दोन-तीन मोठे पट्टे उरतात. आधी ते पट्टे. मिशा, बटणं, दागिने सगळ्यात शेवटी. घाईनं आधी चेहरा काढणाऱ्याच्या चित्रात पाय कागदाबाहेर जातात, हे मी स्वतःच्या वह्यांत पानोपानी पाहिलं आहे.

तालुक्याच्या गावातल्या चौकात उभे असतात ते पुतळे मूर्तीपेक्षा अवघड, कारण ते उंच चौथऱ्यावर असतात आणि आपण खालून पाहतो. पाय मोठे दिसतात, डोकं लहान. चौथऱ्याच्या वरच्या कडा दोन्ही बाजूंना खाली उतरताना दिसतात. पाहिलं तसं काढायचं. मनातला ‘बरोबर’ पुतळा काढायला गेलात तर चौथरा एका जागेवरून पाहिलेला आणि पुतळा दुसऱ्या, असं विचित्र चित्र होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा : काखेत संविधान, उजवा हात उंचावून बोट समोर. तो हात समोरून काढणं कसलेल्यालाही जड जातं, कारण तो आपल्याच दिशेनं येत असतो आणि आखूड दिसतो. नवशिक्यानं सरळ वीस पावलं बाजूला जाऊन बसावं. बाजूनं तोच हात एका स्वच्छ रेषेत दिसतो आणि पुतळ्याची सगळी ऊर्जा त्या रेषेत आहे हे कळतं. एका जागेवरून काढून घरी जाऊ नका. पुतळ्याभोवती प्रदक्षिणा घाला, मग जागा निवडा. शिल्पकारानं तो सगळीकडून पाहण्यासाठीच केलेला असतो.

अश्वारूढ पुतळ्याला घोड्याच्या पोटाखालचा रिकामा आकार आधी काढावा. पुन्हा तीच युक्ती, जी विठ्ठलाच्या कटेवर शिकलो. महाराष्ट्रातला अश्वारूढ शिवपुतळ्यांचा मानदंड म्हणजे पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला, विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवलेला. पायाभरणी १९२१ची, अनावरण १९२८चं. हे करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या पोरानं शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिलं आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. भिंतीवरच्या त्या चित्रापासून १९२८च्या घोड्यापर्यंतचा रस्ता असा सुरू झाला. सासवण्याच्या त्यांच्या घराचं आता शिल्पसंग्रहालय आहे. माणसं, जनावरं जणू अंगणात वावरताहेत अशी उभी आहेत. रेखाटनाला बसायला त्याहून चांगली जागा किनाऱ्यावर मला ठाऊक नाही. जाता जाता आणखी एक : आयुष्यभर घोडे रंगवणारे मकबूल फिदा हुसेन १९१५ साली जन्मले ते माढ्याच्या शेजारच्या पंढरपुरात.

घोड्यावरून आठवलं. माढ्याच्या शिवारात एकदा मी बसलेला बैल उठताना काढत होतो. बैल चित्राची वाट बघत थांबणार नाही, म्हणून दोन-तीन रेघांत पकडायचं आणि बाकीचं अंदाजानं. मागे एक म्हातारे शेतकरी येऊन उभे राहिले. “काय काढायलाव?” मी वही दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ह्यो बैल न्हाई उठत असा. बैल मागनं उठतोय. म्होरनं उठतंय ते घोडं.” मी पुढचे पाय आधी उचलले होते. बैल आधी मागचे पाय उभे करतो, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहतो आणि मग पुढचा भाग वर घेतो. त्या माणसानं पेन्सिल कधी धरली नसेल. पण त्यांची नजर साठ वर्षांची होती आणि माझी वीस मिनिटांची. उघड्यावर बसण्याचा हा मोठा लाभ. बंद खोलीत तुमची चूक सांगणारे मोजके असतात. रानात आणि चौकात सगळे सांगतात, आणि पुष्कळदा त्यांचं बरोबर असतं. म्हणून लोक भोवती जमले की वही झाकू नका. दाखवा, विचारा. मुलींना एकट्यानं चौकात बसायला अवघडल्यासारखं होत असेल तर दोघी-तिघींनी मिळून बसावं. गप्पांची सोय होते आणि एकाच पुतळ्याची तीन चित्रं शेजारी ठेवून बघताही येतात.

ही बैठक मारायची परंपरा आपल्याकडे नवी नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून प्रतिकृती करायला घेतल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम केलं. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि रंकाळ्यावर, पाण्याकाठी बसून छोटी छोटी निसर्गचित्रं करत राहिले. १९३१ साली ते गेले. छोट्याशा कागदावर पहाटेचा ओला उजेड पकडणारी ती चित्रं कुठल्याही नवशिक्यानं पाहावीत; मोठा कागद, महाग रंग यांची धास्ती त्यानं जाते. जगभरात आता ‘अर्बन स्केचर्स’ नावाची चळवळ आहे. सिअॅटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये ती सुरू केली. नियम साधा : समोर बसून काढायचं, फोटोवरून नाही. मुंबई-पुण्यातही ही मंडळी रविवारी गटानं बसतात. तालुक्याच्या गावांत असे गट का नसावेत, याला मला एकही कारण सापडत नाही. तालुक्यातल्या शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत, दर वर्षी परीक्षेला बसणारी मुलं आहेत. एक रविवार हवा.

आता माढ्याचा मुलूख. इथला भुईकोट रावरंभा निंबाळकरांचा. बुरूज, तटाच्या ओळी, त्यांवर वाढलेलं गवत. बुरूज म्हणजे मोठा दंडगोल. सकाळी त्याच्यावर उजेडाकडून सावलीकडे टोन, म्हणजे छटेचा गडदपणा, कसा हळूहळू सरकतो ते काढलं, तर पुढे झाडाचं खोड, रांजण, माणसाचा दंड हे सगळं त्याच नियमानं येतं. माढेश्वरी देवीचं देऊळही रेखाटनाला सुरेख आहे. शिखर काढताना कळसापासून खाली येऊ नका. आधी मधली उभी रेषा, मग दोन्ही बाजू.

रान मात्र नवशिक्याला भिववतं, कारण त्यात पकडायला काही नाही असं वाटतं. सपाट. तेच त्याचं रूप. पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी कापा आणि तिच्यातून बघा. क्षितिज खाली घ्या, पानाचा तीन चतुर्थांश भाग आकाशाला द्या. दिवाळीच्या सुमारास रब्बीची ज्वारी कोवळी असते आणि ओळींमधून काळी माती दिसते. त्या ओळी दूर जाताना एकमेकींजवळ येतात, हेच परिप्रेक्ष्याचं सगळं गणित. उसाचा फड हा गडद हिरवा सलग पट्टा, त्याची पानं मोजत बसू नका. डाळिंबाच्या बागा ठिपक्यांसारख्या. विजेचे खांब लहान होत जातात आणि त्यांवरून अंतर मोजता येतं. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की धुराडी दिसतात आणि उसानं लादलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. हेही निसर्गचित्रच आहे. ट्रॅक्टर वगळून तिथे बैलगाडी घालणं मला खोटं वाटतं.

उजनी धरण याच तालुक्यात. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी. हिवाळ्यात पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात. जलाशयाच्या इंदापूरकडच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते उघडं पडतं. मार्चमध्ये काढलेलं आणि मेमध्ये काढलेलं चित्र सारखं नसतं. म्हणून प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ लिहायची सवय लावा. पुढे कधीतरी पाणी कुठपर्यंत होतं हे तुमच्या वहीतून कुणाला तरी कळेल.

सोलापूरला गेलात तर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी अर्धा दिवस काढा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. सोलापुरातल्या १९३०च्या मार्शल लॉनंतर या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चौक गजबजलेला असतो आणि जाणारे-येणारे मान वर करत नाहीत. तुम्ही चार पानं घ्या, एकेका पानावर एक चेहरा, खाली पूर्ण नाव. ज्याचा चेहरा एकदा पंधरा मिनिटं निरखून काढला, त्याचं नाव पुन्हा विसरत नाही; मला तरी आजवर विसरता आलेलं नाही.

माढा तालुक्याबद्दल एक गोष्ट मनात घर करून आहे. अरण याच तालुक्यात, सावता माळ्यांचं गाव आणि त्यांची समाधी. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. भाजीच्या वाफ्यांत त्यांना देव भेटला. लऊळही याच तालुक्यात, कूर्मदासांचं. हातपाय नसलेले कूर्मदास सरपटत वारीला निघाले आणि इथे थकले, तेव्हा विठ्ठल त्यांच्याकडे आला अशी कथा. आणि खुद्द माढ्यात, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अडचणीच्या काळी देवानं मुक्काम केला. चित्रासाठी अजिंठा, काश्मीर, युरोप गाठायला हवा असं ज्याला वाटतं, त्यानं या तीन गावांतून एक दिवस हिंडावं. वाफ्यातला मुळा किंवा मेथीची जुडीसुद्धा तासभर पुरते.

सामान थोडं लागतं. मध्यम आकाराची कोरी वही, चार-बी पेन्सिल, एक बॉलपेन, परीक्षेचं पॅड, दोन चिमटे. खोडरबर घरी ठेवा. चुकलेली रेघ राहू द्या आणि शेजारी बरोबर रेघ मारा, म्हणजे कुठे चुकलं ते उद्या दिसतं. रंग पहिल्या महिन्यात नकोत. ऊन माढ्याचं आहे : सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी साडेचारनंतर, मधल्या वेळेत ना सावली सापडते ना टोन. बसल्याबरोबर सावलीची कड आधी आखून टाका, कारण ती तुमच्यासाठी थांबणार नाही. पाण्याची बाटली, टोपी. एका चित्राला वीस मिनिटं, मग उठून दहा पावलं लांबून बघा.

दिवाळीनंतर लगेच कार्तिकी येते. पंढरपूरला जाणार असाल तर जाताना किंवा येताना माढ्याला उतरा. विठ्ठलाचं दर्शन घ्या, वही आत नेऊ नका, बाहेर येऊन बसा आणि आठवतील तेवढ्या रेघा काढा. मग पुन्हा आत जाऊन या. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि माढा एवढं लिहायला विसरू नका.